सौदीतलं क्लोजिंग: फॉरेन करन्सी, जकात आणि टॅक्समधल्या या चुका टाळा

मी गेली बरीच वर्षं सौदीत अकाउंट्स बघतोय, आधी दम्माममध्ये, आता जेद्दाला. जानेवारी उजाडला की ग्रुपचं क्लोजिंग, म्हणजे वर्षाची पुस्तकं बंद करणं, सुरू होतं आणि दरवर्षी आपल्याकडची एकदोन नवी मुलं टीममध्ये आलेली असतात, कोणी मुंबईहून सीए होऊन, कोणी सांगली-रत्नागिरीकडून एमकॉम करून. हुशार असतात, एक्सेलवर हात माझ्यापेक्षा वेगात चालतो. पण चुका त्याच. मागच्या वर्षी ज्या सेलमध्ये चूक होती त्याच सेलमध्ये या वर्षीही, फक्त फाइलचं नाव बदललेलं. म्हणून एकदा बसून लिहितोय.

ट्रान्सलेशन रिझर्व्ह म्हणजे उरलेला फरक टाकायची जागा नाही

ही माझी सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

समजा होल्डिंग कंपनी (मालक कंपनी) सौदीत आणि सबसिडरी (तिच्या ताब्यातली कंपनी) इजिप्तमध्ये. सबसिडरीची ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकींची यादी, इजिप्शियन पाउंडात येते, ती रियालमध्ये आणायची. आयएएस २१ (परकीय चलनाचं आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्ड) प्रमाणे असेट्स आणि लायबिलिटीज क्लोजिंग रेटने, म्हणजे वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या रेटने, उत्पन्न-खर्च व्यवहाराच्या तारखेच्या रेटने (सोयीसाठी महिन्याच्या सरासरीने), आणि कॅपिटल मूळ जुन्या रेटने. तीन प्रकारचे रेट लावल्यावर दोन्ही बाजू जुळणार नाहीतच, जो फरक राहतो तो ट्रान्सलेशन रिझर्व्ह, जातो ओसीआयमध्ये (नफ्या-तोट्यात न धरता वेगळं दाखवायचं उत्पन्न). इथपर्यंत सगळ्यांना येतं. आणि इथेच मुलं थांबतात. शेवटच्या ओळीत फॉर्म्युला टाकतात, टोटल असेट्स वजा बाकी सगळं, आला आकडा, झालं टॅली. मग चेक सेलमध्ये हिरवा शून्य दिसला की जेवायला जातात.

अरे पण तो शून्य तूच आणलायस ना! प्लग, म्हणजे उरलेला फरक भरून काढणारा आकडा, टाकल्यावर टॅली होणारच. त्या एका ओळीत एक्स्चेंजचा फरक किती आणि तुझी चूक किती, हे कोण सांगणार?

२०२४ च्या वर्षाचं सांगतो. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने पाउंड मोकळा सोडला, एका डॉलरला साधारण ३१ वर असलेला पाउंड बघता बघता ५० च्या आसपास गेला. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला, त्यामुळे आमच्या हिशोबात एका रियालला ८.२५ पाउंडचे वर्षाअखेर १३.५ झाले. एवढी मोठी घसरण असली की ट्रान्सलेशन लॉस मोठा येणारच, कोणाला शंका येत नाही, आणि तोच धोका. मार्च २०२५, रमजान चालू, ऑफिस दुपारी लवकर सुटायचं आणि आम्ही इफ्तारनंतर परत येऊन बसायचो. ऑडिटरच्या सिनियरने रात्री साडेदहाला एकच गोष्ट मागितली, रिझर्व्हचा प्रूफ द्या, म्हणजे तो आकडा स्वतंत्रपणे काढून दाखवा. आमच्या फाइलमध्ये लॉस ३६.४ लाख रियाल. मुलगा म्हणाला, सर टॅली आहे ना, आणखी काय प्रूफ?

मी कागद घेतला. आकडे इथे समजायला गोल करून देतो. सुरुवातीचे नेट असेट्स (असेट्स वजा लायबिलिटीज) ६.६ कोटी पाउंड. ८.२५ ने ८० लाख रियाल. तेच क्लोजिंगच्या १३.५ ने ४८.८९ लाख. फरक ३१.११ लाख लॉस. आता वर्षाचा नफा, जानेवारी-फेब्रुवारीचा १६.५ लाख पाउंड ८.२५ ने म्हणजे २ लाख रियाल, मार्च ते डिसेंबरचा ९०.३ लाख पाउंड सरासरी १२.९ ने ७ लाख रियाल, मिळून ९ लाख. हाच सगळा नफा १३.५ ने ७.९१ लाख. फरक १.०९ लाख. दोन्ही मिळून ३२.२ लाख. बास, चार ओळी. उलटं तपासायचं असेल तर ८० अधिक ९ वजा ३२.२, आले ५६.८ लाख, आणि शेवटचे ७.६६८ कोटी पाउंड भागिले १३.५ केले तरी ५६.८ च येतात.

मग फाइलमध्ये ३६.४ कुठून आले? ४.२ लाख जास्त. रात्री दीडपर्यंत शोधलं. सापडलं ते असं, की होल्डिंगने सबसिडरीला मॅनेजमेंट फीचं बिल लावलं होतं ४.२ लाख रियालचं, आणि कैरोच्या अकाउंटंटने ते बुकच केलं नव्हतं, त्यांच्याकडे अप्रूव्हल अडकलेलं. मुलाने एलिमिनेशन (ग्रुपमधल्या आपापसातल्या व्यवहारांची काटछाट) करताना आपल्याकडचं येणं काढलं, समोर देणं नव्हतंच, आणि तो फरक गुपचूप प्लगमध्ये गेला. म्हणजे ग्रुपचा नफा ४.२ लाखाने फुगलेला आणि तेवढाच लॉस ओसीआयमध्ये दडलेला, वर बॅलन्स शीट एकदम टॅली. ऑडिटरने मागितलं नसतं तर तसंच छापून गेलं असतं. त्या रात्री मला राग आला तो चूक झाली म्हणून नाही, चुका मीही केल्यात, राग आला तो "टॅली आहे ना" या वाक्याचा.

माझी सवय सांगतो. मी प्रूफ आधी करतो, कन्सॉलिडेशन (सगळ्या कंपन्यांचे हिशोब एकत्र करणं) नंतर. सबसिडरीची ट्रायल बॅलन्स आली की पहिलं काम ओपनिंग नेट असेट्स, नफा, डिव्हिडंड या तीन ओळींवरून रिझर्व्हचा आकडा काढायचा, पेनने लिहायचा, आणि मगच फाइल उघडायची. आणि इंटरकंपनी बॅलन्स (ग्रुपमधल्या कंपन्यांची आपापसातली येणी-देणी) क्लोजिंगच्या आधी दोन्ही बाजूंकडून मेलवर कन्फर्म करून घ्यायचे. मुलांना हे वेळखाऊ वाटतं. दहा मिनिटं लागतात.

सरासरी म्हणजे पहिला अधिक शेवटचा भागिले दोन नव्हे

वरच्याच उदाहरणात ८.२५ आणि १३.५ ची सरासरी १०.८७५. त्याने तोच नफा ९.८२ लाख रियाल दिसतो, ९ च्या जागी. ८२ हजार रियाल हवेतून आले. रेट वर्षभर शांत असेल तर सरासरी चालते, मार्चमध्ये एका दिवसात उडी मारली असेल तर नाही चालत, महिनावारच घ्या. आणि रेट कुठल्या तरी एकाच जागेवरून घ्या, मी सेंट्रल बँकेचाच घेतो आणि त्या दिवशीचं पान पीडीएफ करून फाइलला लावतो. अर्धे रेट गूगलवरून अर्धे बँकेच्या स्लिपवरून असली खिचडी मला चालत नाही.

इंटरकंपनी लोनचा लॉस एलिमिनेट होत नाही

होल्डिंगने इजिप्तला रियालमध्ये लोन दिलंय. पाउंड पडला, इजिप्तच्या पुस्तकात प्रचंड एक्स्चेंज लॉस. मुलं म्हणतात लोन एलिमिनेट झालं तर लॉसही जाईल. लोन जातं, लॉस जात नाही, तो ग्रुपच्या प्रॉफिट अँड लॉसमध्ये राहतो. फक्त ज्या लोनची परतफेड ठरलेलीही नाही आणि नजीकच्या काळात होण्यासारखीही नाही ते नेट इन्व्हेस्टमेंटचा भाग धरता येतं, मग कन्सॉलिडेशनमध्ये तो फरक ओसीआयमध्ये. पण पाउंड पडल्यावर घाईघाईने बोर्ड रेझोल्यूशन करून "हे लोन आम्ही परत मागणारच नव्हतो" म्हणायचं आणि फाइलमध्ये मात्र दर तिमाहीला हप्ता आल्याची एन्ट्री, हे मी सही करणार नाही. हप्ते येतायत म्हणजे परतफेड ठरलेली आहे.

इजिप्तची कंपनी विकत घेताना आलेलं गुडविल (तिच्या नेट असेट्सपेक्षा जास्त मोजलेली किंमत) हे तिच्याच असेट्ससारखं क्लोजिंग रेटने. खरेदीच्या दिवशीच्या रेटला गोठवून ठेवू नका.

पुण्याच्या पंपवाल्याला रुपयात दिलेला अ‍ॅडव्हान्स वर्षाअखेर परत ट्रान्सलेट करायचा नाही, तो नॉन-मॉनेटरी आहे, पैसे परत येणार नाहीत, पंप येणार आहे. पंप आला की अ‍ॅडव्हान्सच्या भागाला पैसे दिले त्या दिवशीचाच रेट. उरलेलं बिल देणं असेल तर ते मात्र क्लोजिंग रेटने.

"रियाल डॉलरला बांधलाय, आपल्याला एक्स्चेंज कुठून येणार" असं म्हणणाऱ्याने युरो आणि रुपयाची बिलं एकदा मोजावीत.

जकात आणि इन्कम टॅक्स एकाच डब्यात टाकू नका

ही माझी दुसरी नावडती चूक. भारतातून आलेल्या माणसाला जकात म्हणजे इथला टॅक्स असं वाटतं आणि तो "टॅक्स एक्स्पेन्स" नावाच्या एका खात्यात दोन्ही टाकतो. दोन्ही झॅटकाला, म्हणजे इथल्या जकात-टॅक्स-कस्टम्सच्या एकत्र खात्याला भरायचे, म्हणून गोंधळ. पण मूळच वेगळं आहे. इन्कम टॅक्स नफ्यावर, २० टक्के, परदेशी मालकाच्या हिश्श्यावर. जकात ही धर्मातून आलेली देणगी आहे, इथे कायद्याने वसूल होते, आणि ती संपत्तीवर बसते, सौदी आणि इतर जीसीसी (आखाती गटातल्या) देशांच्या नागरिकांच्या हिश्श्यावर. कॅपिटल, मागचा नफा, रिझर्व्ह, जुन्या प्रोव्हिजन्स (पुढच्या खर्चासाठी धरून ठेवलेल्या रकमा), लांब मुदतीची कर्जं हे एका बाजूला, फिक्स्ड असेट्स आणि लांब मुदतीच्या गुंतवणुका वजा, ढोबळमानाने हा जकातीचा बेस. म्हणून वर्ष तोट्यात गेलं तरी जकात लागू शकते. तोटा आहे म्हणून जकातीची प्रोव्हिजन शून्य ठेवलेली फाइल मी दोनदा परत पाठवलीय.

इथे एक गैरसमज इतका पक्का बसलेला असतो की सांगून दमलो. एका एलएलसीत (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीत) ६० टक्के सौदी पार्टनर, ४० टक्के भारतीय पार्टनर, आणि भारतीय पार्टनर मुस्लिम. नवीन अकाउंटंटने शंभर टक्क्यांवर जकात काढली, का तर दोघेही मुस्लिम आहेत. धर्म विचारत नाहीत, पासपोर्ट विचारतात. त्याच्या ४० टक्क्यांवर इन्कम टॅक्सच.

त्याच कंपनीचं डिफर्ड टॅक्स (पुढच्या वर्षांत मिळणारी टॅक्सची सवलत किंवा येणारं देणं) बघा. सर्व्हिस बेनिफिटची, म्हणजे नोकरी सोडताना कामगारांना द्यायच्या रकमेची, प्रोव्हिजन ५० लाख रियाल, खर्च म्हणून टॅक्सला मान्य होणार ती प्रत्यक्ष पैसे दिल्यावर. मुलाने २० टक्के लावून १० लाखाचं डिफर्ड टॅक्स असेट उभं केलं. टॅक्स फक्त ४० टक्के हिश्श्यावर लागतो ना, मग २० लाखाचे २० टक्के, ४ लाख. सहा लाखाचं असेट जे अस्तित्वातच नाही. आणि उरलेल्या ६० टक्क्यांवर "डिफर्ड जकात" काढायला जाऊ नका, तसं काही नसतं, जकात आयएएस १२ मध्ये (इन्कम टॅक्सच्या स्टँडर्डमध्ये) बसत नाही. टॅक्सचं रिकन्सिलिएशन (नफा आणि टॅक्सचा मेळ) करतानाही नफा आधी हिश्श्याने तोडा, मग २० टक्के लावा.

रेटचंही तेच. जकात २.५ टक्के हे हिजरी (इस्लामी चांद्र) वर्षाला, ते ३५४ दिवसांचं. आपली पुस्तकं डिसेंबरला बंद होतात, म्हणजे ३६५ दिवस, म्हणून २.५ गुणिले ३६५ भागिले ३५४, येतात २.५७७७ टक्के. चालू वर्षाचा अ‍ॅडजस्टेड नफा (नियमांप्रमाणे फेरफार केलेला) मात्र २.५ नेच. नफा सोडून बेस १२ कोटी रियाल असेल तर सौदी पार्टनरच्या ७.२ कोटींवर २.५ ने १८ लाख, बरोबर रेटने साधारण १८.५६ लाख. छप्पन हजार रियाल कमी भरलेत आणि ते झॅटका वर्षांनंतर असेसमेंटमध्ये मागणार, तेव्हा तुम्ही दुसऱ्या नोकरीत असाल आणि निस्तरणार कोणीतरी दुसराच.

जुन्या रिपोर्टांवरून नोट्स कॉपी करताना जपून. २०१७ पासून सामाच्या, म्हणजे इथल्या सेंट्रल बँकेच्या सांगण्यावरून बँका आणि इन्शुरन्स कंपन्या जकात-टॅक्स थेट रिटेन्ड अर्निंग्जमधून (साठलेल्या नफ्यातून) वजा करायच्या. जुलै २०१९ मध्ये ते परत प्रॉफिट अँड लॉसमध्ये आणलं. २०१८ चा रिपोर्ट समोर ठेवून २०२५ ची नोट लिहिली तर काय होईल ते सांगायला नको.

मागचा तोटा टॅक्सला पुढे नेता येतो, कितीही वर्षं, पण एका वर्षी त्या वर्षीच्या अ‍ॅडजस्टेड नफ्याच्या २५ टक्क्यांपर्यंतच. पूर्ण तोटा एकदम वजा करून शून्य टॅक्स दाखवू नका.

बाहेर पैसे पाठवताना विथहोल्डिंग

परदेशी पार्टीला पैसे देताना त्यातून कापून झॅटकाला भरायचा टॅक्स म्हणजे विथहोल्डिंग. टेक्निकल सर्व्हिसेसला ५ टक्के, रॉयल्टीला १५, मॅनेजमेंट फीला २०. आधी बिलात नेमकं काय लिहिलंय ते वाचा, कारण "मॅनेजमेंट सपोर्ट" असा एक शब्द ५ चे २० करतो. पैसे दिले त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या १० दिवसांत भरायचं, उशीर झाला तर दर ३० दिवसांना १ टक्का दंड.

आणि काँट्रॅक्टमध्ये "टॅक्स वगळून हातात १,००,००० रियाल" असं असेल तर १,००,००० चे ५ टक्के ५,००० भरून मोकळे होऊ नका. १,००,००० भागिले ०.९५, बिल धरा १,०५,२६३, त्यावर टॅक्स ५,२६३. मी प्रत्येक परदेशी काँट्रॅक्टच्या पहिल्या पानावर पेन्सिलने "नेट" किंवा "ग्रॉस" लिहून ठेवतो, पेमेंट करणाऱ्याने ते पान उलटल्याशिवाय माझ्याकडे सहीला यायचं नाही.

जकात आणि इन्कम टॅक्सचं वार्षिक रिटर्न वर्ष संपल्यापासून १२० दिवसांत, डिसेंबर क्लोजिंगला एप्रिलअखेर. हल्ली ईद मार्च-एप्रिलच्या आसपासच येते, अर्धं ऑफिस सुट्टीवर आणि पोर्टलचा ओटीपी ज्याच्या मोबाइलवर येतो तो माणूस गावाला. ईदच्या आधीच्या गुरुवारी तो नंबर कोणाकडे आहे हे विचारून ठेवा.