मुलांच्या पोटगीसाठी नव्या कायद्यानुसार अर्ज कसा करावा

१ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पोटगीविषयीच्या कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे. दरमहा पाचशे रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ च्या दुरुस्तीनेच उठली होती. मात्र मुलासाठी किती रक्कम द्यावी याचे कोष्टक सरकारने या फेररचनेतही दिलेले नाही. ही मोठी उणीव आहे, कारण त्यामुळे रक्कम न्यायालयाच्या विवेकावर आणि आपण दाखल केलेल्या कागदांवर ठरते. म्हणून कागदांची तयारी अर्जाच्या आधी करावी.

पती जिथे आहे किंवा राहतो, आपण स्वतः जिथे राहता, किंवा दोघे शेवटचे जिथे एकत्र राहिलात, अशा कोणत्याही जिल्ह्यात अर्ज करता येतो. कुटुंब न्यायालय असलेल्या शहरात तो तिथे आणि अन्यत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो.

सर्वांत जास्त वेळ मालमत्ता व दायित्वांच्या प्रतिज्ञापत्राला, म्हणजे कमाई, मालमत्ता, कर्जे आणि खर्च शपथेवर सांगणाऱ्या कागदाला द्यावा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी हे प्रतिज्ञापत्र दोन्ही पक्षांना बंधनकारक केले. त्या प्रकरणात लहान मुलाला आधी दरमहा ५,००० आणि सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये अंतरिम (अंतिम निकाल लागेपर्यंतची) पोटगी मंजूर झाली होती, म्हणजे मुलाची रक्कम आईच्या रकमेहून वेगळी ठरवली गेली होती. आपणही मुलाचा खर्च स्वतंत्र मांडावा: शाळेची फी, वह्यापुस्तके, रिक्षा किंवा बस, औषधे, शिकवणी, कपडे आणि घरभाड्यातला त्याचा वाटा. ‘शिक्षणाचा खर्च बराच आहे’ या वाक्याने काही साधत नाही. फीची पावती जोडली तर त्या आकड्याला आधार मिळतो. आपली कमाई असल्यास ती लपवू नये. लपवलेली कमाई उघड झाली की खरा खर्चही संशयास्पद ठरतो आणि त्याचे नुकसान मुलाला सोसावे लागते. घरगुती हिंसाचार कायद्याखाली किंवा अन्य कुठे पोटगीचा आदेश झाला असेल, तर तोही नमूद करणे आवश्यक आहे.

मुख्य अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्ज द्यावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तो निकाली काढावा, असे कायदा सांगतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. तरीही विनंतीच्या परिच्छेदात तशी मागणी स्पष्ट लिहावी. समोरचा पक्ष प्रतिज्ञापत्र न देता तारखांमागून तारखा घेत राहिला, तर त्याचा बचाव रद्द करण्याची मागणी करता येते.

मूल अठरा वर्षांचे झाले की, शारीरिक वा मानसिक असमर्थता नसल्यास, कलम १४४ चा आधार संपतो. ऐन महाविद्यालयाच्या खर्चाच्या वेळी हात आखडणारी ही तरतूद खरोखर बदलायला हवी. हिंदू अविवाहित मुलीला, स्वतःचा निर्वाह करता येत नसल्यास, १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली दाद मागता येते.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती लगेच घ्यावी. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज देय तारखेपासून एक वर्षाच्या आत करावा, नाहीतर त्या महिन्याच्या रकमेसाठी या मार्गाने वॉरंट निघत नाही. वॉरंट बजावूनही रक्कम मिळाली नाही, तर दरमहाच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मूल वरच्या वर्गात गेले, फी वाढली किंवा आजारपण आले, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली वाढीव रकमेसाठी अर्ज करावा आणि त्यासोबत नव्या पावत्या जोडाव्यात.