अंगणातला हॅलोविन देखावा आणि देणगी: तयारीची यादी

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविननिमित्त घरापुढच्या अंगणात देखावा उभारून एखाद्या संस्थेसाठी देणगी जमवायची असेल, तर सांगाडे आणि कवट्यांच्या खरेदीला लागण्यापूर्वी पैसे कोठून कोठे जाणार हे ठरवावे, आणि ते ऑगस्ट संपण्याच्या आत ठरवावे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना देखावा ही गोष्ट नवी नाही. गणपतीची आरास करणाऱ्या हातांना पुठ्ठा, कागदाचा लगदा आणि रंग यांचा सराव असतोच. त्यामुळे सगळा उत्साह उभारणीत खर्च होतो आणि देणगीची व्यवस्था शेवटच्या आठवड्यावर ढकलली जाते. ही यादी म्हणूनच पैशापासून सुरू होते.

संस्था निवडताना ती अमेरिकी करकायद्याच्या ५०१(सी)(३) कलमाखाली करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली आहे की नाही, हे आयआरएस या तिथल्या करखात्याच्या संकेतस्थळावरील शोधसुविधेत स्वतः पाहून घ्यावे, आणि मग त्या संस्थेलाच पत्र लिहून तिच्या नावाने निधी जमवण्याची संमती, तिचे बोधचिन्ह वापरण्याचे नियम आणि आपल्या देखाव्यासाठी स्वतंत्र देणगीपान मिळेल का, हे विचारावे. बहुतेक मोठ्या संस्था असे पान काही मिनिटांत उघडून देतात. २०२० साली नॉर्थ कॅरोलायनातील एका घराच्या अंगणात सुरू झालेला ‘स्केलेटन्स फॉर सेंट ज्यूड’ हा उपक्रम याच पद्धतीवर चालतो: अंगणात सांगाडे, शेजारी फलक, आणि फलकावरील क्यूआर कोडमधून पैसे थेट मेम्फिसच्या सेंट ज्यूड बालरुग्णालयाकडे. स्थानिक काम अधिक जवळचे वाटत असेल, तर गावातली फूड बँक, म्हणजे गरजूंसाठी अन्न जमवणारी संस्था, निवडावी. तेथे पैशांबरोबर डबाबंद अन्नही देता येते, आणि मोबाईल काढायला संकोचणारे शेजारी डाळीचा डबा आनंदाने आणून ठेवतात.

मोबाईलवरून पैसे पाठवण्याच्या व्हेन्मो किंवा झेल या सेवांवरील आपल्या स्वतःच्या खात्यात देणग्या घेऊन नंतर संस्थेला धनादेश पाठवण्याचा मार्ग सोपा दिसतो, पण तो टाळावाच असे माझे ठाम मत आहे. पैसे आपल्या खात्यातून गेले की हिशेबाची जबाबदारी आपल्यावर येते, देणाऱ्याला करसवलतीसाठी संस्थेची पावती मिळणे अवघड होते (२५० डॉलर किंवा त्याहून मोठ्या देणगीला संस्थेची लेखी पोच लागतेच), आणि निधी गोळा करण्यासाठी राज्याकडे नोंदणी लागते का, हा प्रश्नही उभा राहतो. रोख रकमेसाठी पेटी ठेवायची असेल, तर ती कुलूपबंद आणि जमिनीला किंवा कठड्याला पक्की बांधलेली असावी, रोज रात्री घरात घ्यावी, दोन प्रौढांनी मिळून मोजावी आणि आकडा वहीत लिहून दोघांनी सही करावी. भोपळ्याचे वजन ओळखा आणि बक्षीस जिंका, अशा पैसे लावून खेळायच्या स्पर्धा किंवा सोडती ठेवू नयेत. न्यू जर्सीत अशा सोडतींना परवाना लागतो आणि तो पात्र संस्थांनाच मिळतो, घरमालकाला नाही. देखाव्याचा खर्च देणगीतून वजा होणार नाही, हे कुटुंबात आधीच ठरवावे आणि फलकावर एका ओळीत लिहावे.

सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात परवानग्या उरकाव्यात. वसाहतीला एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर सजावट किती दिवस आधी लावता येते, तिची उंची किती असावी आणि आवाज किती वाजेपर्यंत चालतो, हे लेखी विचारावे. एचओए नसेल तरी नगरपालिकेचे आवाजाचे नियम आणि पदपथावर वस्तू ठेवण्याची मनाई लागू असतेच. घराच्या विमा प्रतिनिधीला फोन करून, लोकांना अंगणात बोलावून निधी जमवल्यास कोणी पडून जखमी झाल्याचा दावा पॉलिसीत बसतो का, हे विचारून घ्यावे. शेजाऱ्यांना चिठ्ठी द्यावी, आणि तीत दिवे लागण्याची व विझण्याची वेळ, गर्दीचे दिवस आणि आपला दूरध्वनी क्रमांक असावा. जमिनीत लोखंडी गज किंवा खांब ठोकायचे असतील, तर किमान तीन कामाचे दिवस आधी ८११ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. गॅस, वीज आणि केबलच्या जमिनीखालच्या वाहिन्या कोठून जातात, याच्या खुणा मोफत करून मिळतात.

उभारणीसाठी सप्टेंबरचे उरलेले शनिवार-रविवार राखून ठेवावेत. होम डेपोने २०२० साली २९९ डॉलरला आणलेला बारा फुटी सांगाडा आता अनेक गल्ल्यांत दिसतो, पण हाताने केलेल्या वस्तूंपुढे लोक जास्त वेळ थांबतात, आणि थांबलेला माणूसच फलक वाचतो. पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी आणि वर भिंतीच्या सांध्यांसाठी मिळणाऱ्या जॉइंट कंपाउंडमध्ये लॅटेक्स रंग कालवून त्यात भिजवलेले जुने कापड, एवढ्यातून माणसाएवढी भुताची आकृती तयार होते. ती पूर्ण वाळायला काही दिवस लागतात आणि बाहेर ठेवण्यापूर्वी तिला पाणी न धरणारा रंग द्यावा लागतो. थडग्यांसाठी घराच्या भिंतीत घालतात ते जाड फोम वापरावे. उंच आकृतीला तीन बाजूंनी दोर ताणून खुंट्यांना बांधावे, कारण ऑक्टोबरातला वारा पोकळ प्लास्टिकला सहज आडवे करतो. ताणून लावायचे कापसाचे कोळिष्टक झाडांवर लावू नये. त्यात छोटे पक्षी अडकतात. त्याऐवजी जाड दोरखंडाचे, मोठ्या छिद्रांचे जाळे विणावे. लांबून तेच अधिक चांगले दिसते.

देखाव्यात काय नको, याचाही निर्णय याच टप्प्यावर व्हावा. झाडाला गळफास लावून लटकवलेली मानवी आकृती अमेरिकेत निव्वळ भुताटकी समजली जात नाही, तिच्यामागे कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींचा इतिहास आहे. ती कोणत्याही रूपात ठेवू नये. एखाद्या समाजाची वेशभूषा किंवा धर्मचिन्हे थट्टेचा विषय करू नयेत. निधी बालरुग्णालयासाठी असेल, तर रक्तमांस, इंजेक्शने आणि रुग्णशय्या असलेला देखावा मला तरी शोभणारा वाटत नाही. त्यापेक्षा पत्ते खेळणारे, कपडे वाळत घालणारे, कुत्र्याला फिरवणारे सांगाडे बरे, कारण लहान मुलांना घेऊन येणारे पालक देणगीही देतात.

विजेची मांडणी कागदावर करावी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात प्रत्यक्ष चाचणी घ्यावी. नेहमीच्या १५ अँपिअरच्या सर्किटवर १२० व्होल्टला १,८०० वॉट मिळतात, पण सलग काही तास भार राहणार असेल तर त्याच्या ८० टक्के, म्हणजे १,४४० वॉटच्या आत राहावे. एलईडी दिव्यांचा भार नगण्य असतो. खरा भार धुराच्या यंत्रांचा, कारण त्यातले छोटे यंत्रही सुमारे ४०० वॉट घेते आणि मोठे १,००० च्या पुढे जाते. दोन मोठी धूरयंत्रे आणि गॅरेजमधला फ्रीज एकाच सर्किटवर असतील, तर भर गर्दीत सगळे अंधारात जाईल. बाहेरच्या सर्व जोडण्या जीएफसीआय आउटलेटवरच (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या) घ्याव्यात, ते आउटलेट चाचणीचे बटण दाबून तपासावे, एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर वापरण्याजोगी आहे का हे वेष्टणावरील ‘डब्ल्यू’ अक्षरावरून पाहावे, आणि जोड जमिनीपासून वर, पावसापासून झाकलेले ठेवावेत. कोरलेल्या भोपळ्यांत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. वाळकी पाने, मक्याची धाटे आणि मुलांचे झुळझुळीत पोशाख यांच्या जवळ उघडी ज्योत नको. वेगाने लुकलुकणाऱ्या दिव्यांनी काही जणांना फिटचा झटका येऊ शकतो, म्हणून ते वगळावेत, निदान तशी पाटी वाटेच्या सुरुवातीला लावावी.

फलकाला देखाव्याइतकाच वेळ द्यावा. त्यावर संस्थेचे नाव, पैसे कशासाठी लागतात हे एका वाक्यात, पैसे थेट संस्थेकडे जातात ही ओळ आणि क्यूआर कोड, एवढेच असावे. कोड जितक्या अंतरावरून टिपायचा असेल त्याच्या साधारण एक दशांश रुंदीचा छापावा, म्हणजे पाच फुटांसाठी सहा इंच. तो चकाकणाऱ्या आवरणात घालू नये, त्यावर समोरून मंद पांढरा दिवा पडावा, आणि धूर त्याच्या दिशेने जाणार नाही हे पाहावे. अंधारात, वेगवेगळ्या मोबाईलवर तो उघडून पाहावा आणि स्वतः पाच डॉलर देऊन पैसे योग्य पानावर पोचल्याची खात्री करावी. हॅलोविनला दारोदार खाऊ मागायला येतात ती मुले, पाकीट असते पदपथावर उभ्या राहिलेल्या आईवडिलांकडे. म्हणून मुख्य फलक दारापाशी न लावता आपल्या हद्दीत पदपथालगत लावावा.

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी लोक घाईत असतात आणि एका घरापुढे फार थांबत नाहीत. देणगीसाठी खऱ्या उपयोगाच्या असतात त्या आधीच्या शुक्रवार-शनिवारच्या संध्याकाळी, त्यामुळे देखावा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू ठेवावा आणि जमलेल्या रकमेचा आकडा दर रविवारी बदलावा. काही वर्षी दिवाळी याच दिवसांत येते, २०२४ मध्ये तर इथली दिवाळी ३१ ऑक्टोबरलाच साजरी झाली; अशा वर्षी कामाची वाटणी आधी करावी, म्हणजे फराळ आणि धूरयंत्र एकाच माणसाच्या गळ्यात पडणार नाही. १९५० साली हॅलोविनला फिलाडेल्फियाच्या मुलांनी दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून युनिसेफसाठी १७ डॉलर जमवले होते आणि त्यातून देशभरची प्रथा उभी राहिली. घरातल्या मुलांनाही आकडा लिहिण्याचे काम द्यावे.

हवामानासाठी पर्याय ठेवावाच. २०११ साली २९ ऑक्टोबरला या भागात जोरदार बर्फ पडला, आणि २०१२ साली त्याच तारखेला सँडी वादळ किनाऱ्यावर आदळल्यावर न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी हॅलोविन ५ नोव्हेंबरवर ढकलला. उंच आकृत्या अर्ध्या तासात आडव्या करून बांधता येतील अशीच त्यांची जोडणी असावी. भोपळे शेवटच्या तीन-चार दिवसांतच कोरावेत, आधी कोरलेले सडतात.

मुख्य रात्रीसाठी किमान चार प्रौढ हवेत: एक दाराशी, एक फलकापाशी, एक वीज व यंत्रांकडे आणि एक रस्त्याच्या कडेला. शेवटचे काम कोणालाच नको असते, पण तेच सर्वांत गरजेचे आहे. १९७५ ते २०१६ या काळातील अपघातांच्या अभ्यासात हॅलोविनच्या संध्याकाळी पादचारी मृत्यूंचा धोका आजूबाजूच्या आठवड्यांतील संध्याकाळींच्या तुलनेत ४३ टक्के जास्त आढळला. त्या दिवशी सूर्य सहाच्या आत मावळतो, म्हणून रस्त्यावरच्या माणसाकडे टॉर्च आणि चमकपट्ट्यांचे जाकीट असावे, आणि फार गर्दी अपेक्षित असेल तर पोलिसांच्या बिगर-तातडीच्या क्रमांकावर आधी कळवावे. वाट छत्तीस इंचांहून अरुंद नसावी, म्हणजे व्हीलचेअर जाते. तिच्यावरून एकही वायर जाऊ नये. पाच ते सहा या वेळेत धूर, आवाज आणि अंगावर येणारी यंत्रे बंद ठेवून अगदी लहान मुलांना येऊ द्यावे. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी २०१४ पासून देशभर रुळलेला निळसर-हिरवा भोपळा (येथे खाऊखेरीज वस्तूही मिळतात, ही त्याची खूण) दाराशी ठेवून वेगळ्या टोपलीत स्टिकर, पेन्सिली किंवा चमकत्या बांगड्या ठेवाव्यात.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात देणगीपान बंद करण्याची तारीख जाहीर करावी, पेटीतली रोकड संस्थेकडे भरून पोच घ्यावी, आणि तिची प्रत अंतिम आकड्यासह फलकावर आठवडाभर लावून ठेवावी. शेजाऱ्यांना आभाराची चिठ्ठी द्यावी. भोपळे आतले दिवे काढून कंपोस्टात टाकावेत, धूरयंत्रातला द्रव उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे काढून टाकावा, सर्व वस्तूंतील बॅटऱ्या काढाव्यात, आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे, कोणते दोर कोणत्या आकृतीचे आणि कोणती कॉर्ड कोणत्या सर्किटवर होती, हे लिहूनच खोकी पोटमाळ्यावर चढवावीत.