भंडाऱ्याचा पिवळा आणि खोटं बोलणारा हिस्टोग्राम

जेजुरीत सोमवती अमावास्येला भरदुपारी भंडारा उधळताना काढलेली फ्रेम कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघा. पिवळा म्हणजे नुसता सपाट डाग, आणि हिस्टोग्राममधला (डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं असा उजेडाचा आलेख) लाल उजव्या भिंतीला चिकटलेला. नवखा घाबरतो आणि एक्स्पोजर दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली ओढतो. आधीच सावलीत असलेले चेहरे मग घरी चार-चार स्टॉप उचलावे लागतात आणि गालांवर नॉइजची, म्हणजे दाणेदार ठिपक्यांची, रांगोळी उमटते.

घाबरायचं कारणच नव्हतं. स्क्रीनवरचं चित्र, जळलेल्या भागावर लुकलुकणारा इशारा आणि हिस्टोग्राम, यातलं काहीच रॉचं, म्हणजे सेन्सरवरून आलेल्या कच्च्या फाइलचं, नसतं. कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगचं असतं. त्या जेपेगवर पिक्चर स्टाइलचा (कॅमेऱ्यातला तयार रंग-रूपाचा साचा) कॉन्ट्रास्ट चढलेला असतो, पांढरं पांढरं दिसावं म्हणून व्हाइट बॅलन्सचे गुणक लागलेले असतात. उन्हाच्या व्हाइट बॅलन्सला बहुतेक कॅमेरे लाल चॅनल साधारण दुपटीने गुणतात, निळा दीडपटीच्या आसपास, हिरवा आहे तसा. सेन्सरवर लाल अर्धाच भरलेला असतो, पण जेपेगमध्ये तो २५५ ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन आपटतो. त्यात हळदीचा पिवळा एसआरजीबीत, म्हणजे जेपेगच्या नेहमीच्या रंगकक्षेत, मावत नाही. लाल २५५, निळा शून्य, आणि पोत गायब. रॉमध्ये तोच पोत बऱ्याचदा शाबूत असतो.

म्हणून इशाऱ्याकडे सरळ दुर्लक्ष करायचं? अजिबात नाही. पांढरं धोतर, टोपी उन्हात असेल तर बहुतेकदा हिरवा चॅनल आधी भरतो, आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६३८३ च्या वर काही नसतं. हायलाइट्सचा स्लायडर मग उरलेल्या चॅनलवरून अंदाज बांधतो, एवढंच.

आपल्या कॅमेऱ्यात नेमकी किती जागा आहे, हे एकदा मोजून टाका. पांढरं जाडंभरडं कापड सारख्या उन्हात टांगा. मॅन्युअल मोड, सर्वांत खालचा मूळ आयएसओ, एफ/८, स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणारं). मीटर शून्यावर आणून पहिली फ्रेम घ्या, मग शटर तृतीयांश स्टॉपने मंद करत +४ पर्यंत जा. १३ फ्रेम होतात. रॉथेरपी या रॉ प्रोसेसिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये न्यूट्रल प्रोफाइल लावून रॉ हिस्टोग्राम बघा, किंवा तशाच डार्कटेबलमधला रॉ ओव्हरएक्स्पोजरचा इशारा चालू करा. कापड खरोखर कुठल्या फ्रेमला फुटलं (रॉमध्येच पोत गेला) आणि कॅमेरा कुठल्या फ्रेमपासून लुकलुकायला लागला, दोन्ही लिहून ठेवा. मधलं अंतर ही तुमची शिल्लक. समजा कापड +३⅓ ला फुटलं, तर प्रत्यक्ष काम करताना पोत हवा असलेली सर्वांत उजळ जागा स्पॉटने मोजा आणि +३ वर ठेवा.

चाचणीआधी पिक्चर स्टाइल न्यूट्रल करा, कॉन्ट्रास्ट तळाला न्या. सावल्या आपोआप उजळणारे आणि हायलाइट वाचवणारे पर्याय बंद करा. त्यातले काही गुपचूप एक स्टॉप कमी एक्स्पोज करतात. स्क्रीनचा ब्राइटनेस ऑटोवर नको.

‘कायम एक स्टॉप अंडर ठेव’ सांगणारे गुरू गल्लोगल्ली भेटतात. त्यांना नमस्कार करावा आणि पुढे चालावं. सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडला की सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर सुमारे १.४ पटीने सुधारतं. यात मतभेदाला जागा नाही. मात्र प्रकाश म्हणजे शटर आणि अ‍ॅपर्चर. आयएसओ चढवून हिस्टोग्राम उजवीकडे सरकवला तर सेन्सरवर प्रकाशाचा एक कणही जास्तीचा पडत नाही, उलट वरची जागा खाल्ली जाते.

प्रोसेसिंगचा क्रम साधा आहे. आधी व्हाइट बॅलन्स, मग चेहऱ्यांना धरून एक्स्पोजर, मग हायलाइट्स खाली. पिवळा तरीही सपाट दिसला तर एक्स्पोजरला हात लावू नका. फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन १०-१५ ने उतरवा, कण दिसू लागतात. नॉइज शेवटी. विकतचे प्रीसेट दुसऱ्याच कुणाच्या एक्स्पोजरवर बेतलेले असतात, शिकायच्या काळात ते नकोतच.

आणि प्रत्येक लुकलुक वाचवत बसू नका. पितळी कळसावरची तिरीप, फ्रेममधला सूर्य जळणारच, जळू द्या. बॉडी बदलली तर मात्र १३ फ्रेम पुन्हा काढा. मित्राच्या कॅमेऱ्याचा आकडा तुमच्या कॅमेऱ्याला लागू होत नाही, मॉडेल वेगळं असेल तर नाहीच नाही.