मोडक्या विमानातून नवं विमान: पटकथेत या चुका टाळा

वाळवंटात कोसळलेल्या विमानाच्या सांगाड्यातून दुसरं विमान उभं राहतं, ही कल्पना मला अशक्य वाटत नाही. खटकते ती घाई. बहुतेक पटकथा सगळा ताण इंजिन सुरू होण्यावर खर्च करतात आणि गुरुत्वमध्याचं, म्हणजे विमानाचं सगळं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूचं, नावही काढत नाहीत. वजन शेपटीकडे जास्त सरकलं, तर नाक वर जातं आणि वैमानिकाला ते खाली आणता येईलच असं नाही. इंजिनाची जागा बदलली की तोलाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. माणसं कुठे बसणार, पाणी कुठे ठेवायचं, यावरची वादावादी पडद्यावर दिसू द्या. खरं नाट्य तिथे आहे.

पंख नुसते दोरखंडाने आवळू नका. उडताना पंख सगळं वजन उचलून धरतात आणि वर वाकू पाहतात, त्यामुळे ताण पंखांना आधार देणाऱ्या खालच्या तारांवर पडतो. वरच्या तारा जमिनीवर असताना पंख सावरतात. कोणती तार कधी ताणली जाते, एवढं कळलं तरी दृश्य खरं वाटतं.

‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’ (१९६५) या चित्रपटात नव्या विमानाचा आराखडा करणारा माणूस विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवणारा निघतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. हसू नये. मोकळी सोडलेली प्रतिकृती वैमानिकाविना उडते, म्हणून तिला स्वतःचा तोल स्वतःच सावरावा लागतो. अशा माणसाला स्थिरता नेमकी कळते. याच चित्रपटासाठी खरोखर उडणारं विमान बांधलं होतं. ८ जुलै १९६५ रोजी चित्रीकरणात ते जमिनीला टेकून पुन्हा उडताना मोडलं आणि वैमानिक पॉल मॅन्ट्झ गेले. धोका किती खरा असतो, हे लिहिणाऱ्याने विसरू नये.

उंचीवर दार उघडण्याचा प्रसंग तर गाळाच. प्रवासी विमानांची बरीचशी दारं आतल्या हवेच्या दाबानेच चौकटीत घट्ट बसतात. इंजिनं बंद पडताच विमान दगडासारखं पाडू नका. १९८३मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ तरंगत गिमलीला उतरलं.

विजेच्या बाबतीत मात्र सर्रास थाप मारली जाते: दोन तारा जोडल्या की रेडिओ बोलू लागतो. १९७२मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात झालेल्या विमान अपघातातून वाचलेल्यांनी विमानाच्या शेपटीतल्या बॅटऱ्यांवर रेडिओ चालवायचा जिवापाड प्रयत्न केला. बॅटऱ्या २४ व्होल्ट एकदिश (डीसी) प्रवाहाच्या, रेडिओला हवा ११५ व्होल्ट प्रत्यावर्ती (एसी) प्रवाह. तो चाललाच नाही. शेवटी दोघं जण डोंगर ओलांडून मदतीपर्यंत पोचले.