स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून ऑइल गळते आहे? दुरुस्तीपूर्वी या चुका टाळा

सकाळी पोर्चमधल्या लादीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला की बहुतेक जण खाली वाकतात आणि डागाच्या बरोबर वर जो भाग दिसेल त्याला दोषी ठरवून मोकळे होतात. पहिली चूक इथेच होते. बसक्या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाखाली मोठे आवरण असते. वरून पाझरलेले ऑइल त्या आवरणात साचते, उताराप्रमाणे मागे सरकते आणि एखाद्या स्क्रूच्या भोकातून खाली पडते, त्यामुळे थेंबाची जागा आणि गळतीची जागा यांत दोन-तीन फुटांचे अंतर सहज असू शकते. शिवाय धावत्या गाडीखालून वाहणारा वारा ऑइल मागे ढकलतो, म्हणून पुढच्या टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातून, निघालेले ऑइल मागे गिअरबॉक्सच्या तोंडाशी सापडले तरी त्यात नवल नाही.

जे पडले आहे ते इंजिन ऑइलच आहे का, हेही आधी ठरवावे लागते. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा पसरून ठेवावा. तपकिरी ते काळे आणि जळकट वासाचे असेल तर ते इंजिन ऑइल, लालसर आणि पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचे किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, गंधकासारखा उग्र वास असेल तर गिअर ऑइल, आणि नुसते पाणी असेल तर ते एसीचे, ज्याची आपल्याकडच्या दमट हवेत काहीही चिंता करू नये.

यानंतर अनेक जण पाने हातात घेतात. इंजिन धुतल्याशिवाय काहीही उघडू नये, हे माझे ठाम मत आहे. गोव्यात जांभ्या दगडाची तांबडी धूळ गळणाऱ्या भागावर चिकटून तिची खरवड बनते आणि या खरवडीखाली जुनी गळती व नवी गळती सारखीच दिसते. थंड इंजिनावर डिग्रीझर लावून, अल्टरनेटर, कॉइल व सेन्सर प्लास्टिकने झाकून, कमी दाबाच्या पाण्याने ते स्वच्छ करावे. हवेच्या दाबाने कोरडे केल्यावर खालचे आवरण न बसवता इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावे आणि टॉर्च घेऊन वरून खाली पाहत यावे. ऑइल गुरुत्वाकर्षणाने खालीच येणार, म्हणून ओल दिसलेल्या सर्वांत उंच जागेपासून शोध सुरू होतो. आडव्या सिलिंडरांच्या बॉक्सर इंजिनात मात्र टॅपेट कव्हर बाजूला आणि खालच्या अंगाला असतात, तेव्हा तिथे खालून पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

जागेवर उभ्या गाडीत काहीच दिसले नाही, म्हणून गळती थांबली असे समजू नये. काही गळती केवळ इंजिनावर भार आल्यावर आणि ऑइल पूर्ण तापल्यावरच उघड होते. ऑइलमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळून पणजीहून मडगावला, म्हणजे सुमारे 33 किलोमीटर, जाऊन यावे. तरीही पत्ता लागला नाही तर चोर्ला घाटाची एक चढण पुरते. परतल्यावर अंधारात अतिनील टॉर्च मारला की पिवळसर-हिरवी रेघ थेट उगमापर्यंत नेते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोच्या ऑइलच्या दोन्ही नळ्या आणि फिल्टरच्या बैठकीचे गॅस्केट या जागा विशेष तपासाव्यात. पर्वरीच्या रहदारीत गाडी थांबलेली असताना एसीच्या जाळीतून जळकट वास येतो आणि वेगात येत नाही, ही तक्रार असेल तर टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून एक्झॉस्टवर ऑइल पडते आहे का, ते आधी पाहावे, कारण केबिनची हवा बहुतेक गाड्यांत तिथूनच जवळून आत घेतली जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या सीलची, आणि ती मी स्वतः केली आहे. माझ्या दोन आसनी टर्बो गाडीच्या गिअरबॉक्सच्या तोंडातून थेंब पडत होते. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवून सील बदलले, बिल मी निमूटपणे भरले आणि दोन महिन्यांत पुठ्ठ्यावर पुन्हा डाग उमटला. फोंड्याकडच्या एका वयस्क मेकॅनिकने सगळे ऐकून एवढेच विचारले, “बाब, सील बदललंत ते ठीक, पण त्याला आतून ढकलतोय कोण, ते कोणी पाहिलं?” त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढले आणि त्या तोंडावर रबरी हातमोजा ताणून बसवला. काही क्षणांत मोज्याची पाचही बोटे टम्म उभी राहिली. निरोगी इंजिनात तो किंचित आत ओढला जायला हवा होता. ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ आणि वायू बाहेर काढून दाब मोकळा करणारी वाट, उघडल्यावर त्यात दुधाळ कॉफीच्या रंगाचा लगदा भरलेला निघाला. पावसाळाभर मी गाडी झाकून ठेवत होतो आणि ‘बॅटरी उतरू नये’ म्हणून दर रविवारी पाच मिनिटे चालू करून बंद करत होतो. इंजिन पुरते तापत नव्हते, आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्ये मिसळत होती आणि तिनेच वाट बुजवली होती. ब्रीदर बदलल्यावर थेंब थांबले. मोजा फुगण्याचे कारण झिजलेल्या पिस्टन रिंगही असू शकते, म्हणून ब्रीदर मोकळा करूनही तो फुगत राहिला तर पुढच्या खर्चाआधी सिलिंडरची दाबचाचणी करून घ्यावी. उलट मोजा जोरात आत खेचला जाऊन शीळ ऐकू आली तर ब्रीदरचा पडदा फाटलेला असतो.

सील बदलणे खरोखरच आवश्यक असेल तर ते कोणत्या जातीचे आहे ते विचारावे. जुन्या रबरी सीलच्या ओठाला ऑइल लावून बसवण्याची सवय मेकॅनिकच्या हाताला असते. आजच्या बऱ्याच गाड्यांतील टेफ्लॉनचे सील मात्र कोरडेच, स्वच्छ शाफ्टवर बसवायचे असते आणि त्यानंतर उत्पादकाने सांगितलेला वेळ जाईपर्यंत इंजिन चालू करायचे नसते. त्याला ऑइल चोपडले की नवे सीलही पहिल्या दिवसापासून पाझरू शकते.

‘जास्त लावले तर जास्त टिकेल’ या समजुतीने सिलिकॉन सीलंट थापणे ही घातक चूक आहे. दाबल्यावर आत आलेला सीलंट तुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो आणि ऑइल पुरेनासे झाले की बेअरिंगला मुकावे लागते. जिथे रबरी गॅस्केट आहे तिथे गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात सांगितलेल्या सांध्यांखेरीज सीलंट लावूच नये. टॅपेट कव्हरचे बोल्ट बऱ्याच गाड्यांत जेमतेम 10 न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. जोर लावल्याने गॅस्केट चिरडते, प्लास्टिकचे कव्हर वाकते आणि गळती वाढते. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घालावा, कारण अ‍ॅल्युमिनियमच्या चेंबरचे (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचे) आटे एकदा गेले की दहा-वीस रुपयांची काटकसर फार भारी पडते. चेंबर गतिरोधकावर घासलेला असेल तर त्याला तडा नाही ना, तेही याच वेळी पाहावे.

गळती थांबावी म्हणून दाट ऑइल भरणे किंवा सील फुगवणारे द्रव ओतणे, हे दोन्ही मला पटत नाही. अरुंद वाटांतून ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह यंत्रणा ठरावीक दाटपणासाठीच बनवलेली असते.

प्रत्येक ओल मात्र दुरुस्त करायलाच हवी असे नाही. सांध्याभोवती नुसता ओलावा असेल, पुठ्ठा कोरडा राहत असेल आणि ऑइल ना एक्झॉस्टवर ना बेल्टवर जात असेल, तर दर पंधरा दिवसांनी, सपाट जागेवर, पुस्तकात दिलेल्या पद्धतीनेच पातळी मोजत राहावे आणि क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरेल तेव्हाच मागच्या सीलचे काम त्यासोबत उरकावे. गरम एक्झॉस्टवर किंवा टर्बोवर थेंब पडत असेल तर मात्र आग लागू शकते. अशी गाडी गॅरेजपर्यंत चालवत न नेता क्रेनच्या गाडीवर चढवूनच न्यावी.