बाइकचा विमा किती पडेल, हे घेण्याआधीच कसे काढावे

शोरूममधून मिळणाऱ्या ऑन-रोड किमतीच्या कागदावर विम्याचा आकडा एकगठ्ठा लिहिलेला असतो. तो फोडून मागा. त्यात थर्ड पार्टी (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान) आणि ओन डॅमेज (तुमच्याच गाडीचे नुकसान किंवा चोरी) असे दोन वेगळे हिशेब असतात. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवते, तिथे घासाघीस चालत नाही. ओन डॅमेजमध्ये चालते.

१. सीसी पाहा. आरसीवर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात इंजिनची नेमकी क्षमता असते. थर्ड पार्टीचा प्रीमियम फक्त तिच्यावर ठरतो. 1 जून 2022 पासूनचे वार्षिक दर असे: 75 सीसीपर्यंत 538 रुपये, त्यापुढे 150 पर्यंत 714, 350 पर्यंत 1,366 आणि त्याहून मोठ्या इंजिनाला 2,804. या सगळ्यावर 18 टक्के जीएसटी.

खरी गंमत सीमेवर आहे. 149 सीसीची यामाहा एफझी 714 च्या गटात बसते, तर 155 सीसीची आर15 थेट 1,366 मध्ये जाते. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 प्रत्यक्षात 349 सीसीची, म्हणून रेषेच्या अलीकडे. हिमालयन 450 पलीकडे. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी एकदम 5 वर्षांची घ्यावी लागते, त्यामुळे हा फरक पहिल्याच दिवशी खिशाला लागतो: 150 सीसीपर्यंत 3,851, पुढच्या गटात 7,365. जीएसटी धरून साधारण 4,150 रुपये जास्त. इलेक्ट्रिक दुचाकीचे गट सीसीऐवजी किलोवॅटवर असतात आणि दर सुमारे 15 टक्के कमी.

२. आयडीव्ही काढा. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडीत निघाली तर मिळणारी कमाल रक्कम म्हणजे आयडीव्ही. एक्स-शोरूम किमतीतून वयानुसार घट होते: पहिल्या 6 महिन्यांत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. दीड लाखाच्या, अडीच वर्षे वापरलेल्या गाडीची आयडीव्ही 1,05,000 येते. ओन डॅमेजचा प्रीमियम याच रकमेच्या टक्क्यात निघतो: जुन्या टॅरिफनुसार (ठरवून दिलेल्या दरपत्रकानुसार) मुंबई-पुण्यात 150 सीसीपर्यंत 1.708 टक्के, त्याहून मोठ्या, 350 पर्यंतच्या इंजिनाला 1.793 टक्के दर होता. म्हणजे 1,793 विरुद्ध 1,883 रुपये. नव्वद रुपयांचा फरक! ओन डॅमेजमध्ये सीसीपेक्षा किंमतच जास्त बोलते. 2007 पासून हा दर कंपन्यांवर सोडला आहे, तेव्हा तीन-चार कोटेशन घ्या. मात्र आयडीव्ही सगळीकडे सारखी ठेवूनच तुलना करा. प्रीमियम स्वस्त दिसावा म्हणून आयडीव्ही गुपचूप खाली आणलेली असते, आणि ते चोरीच्या क्लेमला कळते.

३. गाडीची बॉडी पाहा. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, टायर आणि बॅटरीच्या किमतीतून 50 टक्के घसारा कापला जातो. पूर्ण फेअरिंगची (बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेली) स्पोर्ट्स बाइक नुसती आडवी झाली तरी बिलात प्लॅस्टिकच जास्त असते, आणि त्यातले निम्मे तुमच्या खिशातून जाते. अशा गाडीला पहिली काही वर्षे झीरो डेप (हा घसारा न कापणारे जादा संरक्षण) घ्यावेच. स्प्लेंडरसारख्या साध्या गाडीला त्याची तितकी गरज नाही.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जावे लागत असेल तर इंजिन प्रोटेक्ट हे जादा संरक्षणही विचारा. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलेंडरमध्ये ओढले जाते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान सहसा नाकारले जाते. गाडी ढकलत बाहेर काढा, सेल्फ मारू नका.

४. बदल कळवा. बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवून घेतला की इंजिन आरसीशी जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अशा बदलांवर बंधने आहेत आणि नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर क्लेम अडवू शकतो. महागडे क्रॅश गार्ड किंवा पॅनियर (बाजूच्या सामानपेट्या) बसवले असतील तर ते पॉलिसीत अ‍ॅक्सेसरीज म्हणून लिहून घ्या.

५. नो क्लेम बोनस लावा. क्लेमशिवाय गेलेल्या वर्षांनुसार ओन डॅमेजवर 20, 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के सूट मिळते. थर्ड पार्टीवर ती लागत नाही. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की जमलेला बोनस जातो. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही: जुनी बाइक विकताना कंपनीकडून त्याचे पत्र घ्या आणि नव्या गाडीच्या पॉलिसीला लावा. सेकंड हँड घेणाऱ्याने 14 दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा.