तिसरा मजला, लिफ्ट नाही: मंदीत घर विकायचं तर

२०१७ च्या जूनमध्ये आम्ही भावंडांनी पुण्याच्या धनकवडीतला आई-बाबांचा फ्लॅट विकायला काढला. मुहूर्त याहून वाईट सापडला नसता. नोटबंदीला सातच महिने झालेले, १ मेपासून रेरा हा बिल्डरांसाठीचा नवा कायदा, १ जुलैला जीएसटी येणार. जो तो म्हणे, "थोडं थांबून बघू." त्यात तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. दादानं नाशिकहून येऊन गेटवर पाटी लावली: 'फ्लॅट विकणे आहे. एजंटांनी तसदी घेऊ नये.' एजंटांनी घेतली नाहीच, गिऱ्हाइकांनीही फारशी घेतली नाही.

दोन महिन्यांत आठ-नऊ जण बघून गेले. त्यातला एक खरंच घेणार होता. पण त्याचं घोडं बँकेत अडलं, आणि बँकेचं आमच्या कागदांत. म्हणून घाई असेल तर माझं सांगणं एवढंच: आधी फाइल, मग पाटी.

फाइलमध्ये काय हवं? मूळ करारनामा आणि त्याची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), आधीचे मालक असतील तर त्या सगळ्यांचे करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), मिळकतकराची पावती, मेंटेनन्सची बाकी नसल्याचं पत्र, लाइट बिल. आमचं भोगवटा प्रमाणपत्र सोसायटीच्या कपाटात, कपाटाची किल्ली जुन्या सेक्रेटरींकडे, आणि ते मुलीकडे बंगळुरूला. तीन आठवडे गेले. तेवढ्यात त्या गिऱ्हाइकानं आंबेगावात घर घेतलंसुद्धा.

घर वारसानं आलं असेल तर गुंता आणखी. आईनं नॉमिनी म्हणून दादाचं नाव लावलेलं, त्यामुळे दादाला वाटलं, काम झालं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सगळ्या वारसांनी सह्या तरी करायच्या, नाहीतर एकाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवायचं. आमची ताई मेलबर्नला. तिनं तिथल्या भारतीय वकिलातीत कुलमुखत्यारपत्रावर सही करून पाठवलं. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे आम्हाला वकिलांनी सांगितलं म्हणून बरं. दुसरी मेख करकपातीची. ५० लाख किंवा त्याहून महाग घर असेल तर गिऱ्हाइकानं १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. पण विकणारा अनिवासी असला की त्याच्या हिश्श्यावर कपात बरीच जास्त होते. कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण अर्ज आधी करावा लागतो. गिऱ्हाईक ठरल्यावर करू म्हणाल तर ते तोवर थांबत नाही.

घरावर कर्ज असलं तरी विकता येतं. बाकी रकमेचं आणि बँकेत ठेवलेल्या कागदांचं पत्र आधीच आणून ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे.

आता भाव. दादानं ६० लाख ठरवले, कारण समोरच्या नव्या स्कीमचा रेट तसा होता. मी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये बसले. तिथे आपल्या गावाचं नाव आणि सर्व्हे नंबर टाकला की झालेल्या व्यवहारांच्या सूची क्रमांक दोन फुकट दिसतात. आमच्याच इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट ४९ ला गेला होता. सांगितलेला भाव वेगळा, नोंदलेला वेगळा. भाव उतरवायचा तर एकदाच, नीट उतरवा. दर महिन्याला लाख-लाख कमी केलेत की लोक पुढच्या महिन्याची वाट बघतात. आम्ही एकदम ५३ वर आलो.

त्याच सुमारास एक गुंतवणूकदार आला. ४२ लाख, पंधरा दिवसांत सगळे पैसे. मोह होतो. पण अशा वेळी रेडी रेकनर (सरकारनं ठरवलेले जागांचे दर) उघडून बघा. रेकनरची किंमत तुमच्या भावापेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाली, तर आजच्या नियमानं तुमचा भांडवली नफा रेकनरवर मोजला जातो. न मिळालेल्या पैशांवर कर. वर त्यानं "थोडे रोख" असं हळूच म्हटलं. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड घेणाऱ्याला होऊ शकतो. चहा पाजून त्याला रवाना केलं.

अकरा महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्यायचा पर्यायही होता. हप्त्यांचं ओझं नसेल तर तो वाईट नाही. पण भाडेकरू आत असताना बँकेचं कर्ज काढून राहायला येणारी मंडळी फिरकत नाहीत, आणि घर दाखवायला प्रत्येक वेळी त्याची परवानगी. आम्ही नाही दिलं.

शेवटी दादाची पाटी उतरवून मी दोन एजंट धरले. दोनच. दहा जणांकडे दिलं की एकच फ्लॅट पाच भावांत फिरतो आणि लोकांना वाटतं, घरातच काहीतरी खोट आहे. दलाली एक टक्का की दोन, हे आधी लिहून घ्या. रंगाच्या भानगडीत पडू नका. ठिबकणारा नळ, ओल आणि बंद दिवे तेवढे बघा. आणि बाल्कनी बंद करून खोली केली असेल तर ती क्षेत्रफळात सांगू नका, बँकेचा माणूस नकाशा घेऊनच येतो.

गिऱ्हाईक मात्र एजंटाकडून आलं नाही. लिफ्ट नसलेला तिसरा मजला कुणाला चालेल, असा विचार केला तर उत्तर जिन्यातच होतं: ज्याचे आई-बाप खालच्या मजल्यावर राहतात त्याला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा आंबेगावात भाड्यानं राहत होता. भिशीत सहज विषय काढला. सूनबाई म्हणाली, "मावशी, आधी आम्हालाच का नाही विचारलंत?" खरंच, का नाही?

५१ वर जमलं. घासाघीस तिथेच थांबली. महाराष्ट्रात बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, पण ती २०२१ पासून. तेव्हा असती तर ५१ लाखांवर त्यांचे ५१,००० वाचले असते. पूर्ण झालेल्या, भोगवटा मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, हे मात्र त्यांना नव्या स्कीमच्या तुलनेत समजावून सांगितलं. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. बाकीचे आणि शुल्काचे पैसे त्यांच्याकडे तयार आहेत का, हे विसार घेण्याआधी स्पष्ट विचारलं. लाजायचं नाही.

सप्टेंबरातल्या पितृपक्षात कुणी विसार देत नाही, तेव्हा आम्ही कागद पुरे करून घेतले. ३० तारखेला दसऱ्याला विसार आला. या वेळी फाइल तयार होती, म्हणून बँकेचं कर्ज दिवाळीनंतर लगेच मंजूर झालं. दस्त नोंदवला, चेक वटल्यावर किल्ली दिली, वीजमीटरचं नाव बदलायच्या अर्जावर सही केली.

पाटी दादानं परत नेली. नाशिकला त्याचा प्लॉट आहे विकायचा.